बैलाचे दात बघता, मग पोराचा लॅप टाइम का बघत नाही?

चौकात परवापासून एक फ्लेक्स लागलाय. सगळ्यांनी बघितलाच असेल. काखेत हेल्मेट धरलेलं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, मागे हवेत उडणारी गाडी (ती त्याची नाही, नेटवरून उचललेल्या कुठल्या तरी परदेशी रायडरची आहे), खाली डझनभर शुभेच्छुकांचे चेहरे आणि मध्ये लाल अक्षरात 'आता थेट एक्स्पर्ट!'

त्या पोराचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. पोरगं गुणी आहे, गाडीवर बसलं की बघत राहावंसं वाटतं. भांडण आहे ते त्या शुभेच्छुकांशी, आयोजकांशी आणि थोडं माझ्याशीही.

ज्यांना या डर्ट रेसिंगचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाजार समितीच्या मागच्या माळावर मातीचे उंचवटे करून जी शर्यत होते, तिच्यात वर्ग असतात. नवख्यांचा नोव्हिस, मुरलेल्यांचा एक्स्पर्ट. नोव्हिसला आपली पोरं एक्सपल्स, अपाचे असल्या देशी गाड्या थोड्याफार बदल करून पळवतात. एक्स्पर्टला बहुतेक जण मोटोक्रॉससाठीच बनवलेल्या परदेशी गाड्या आणतात. एक्सपल्स २०० ची ताकद साधारण १९ पीएस आणि वजन १६० किलोच्या घरात. २५० सीसीच्या मोटोक्रॉस गाडीची ताकद याच्या दुपटीहून जास्त आणि वजन मात्र ११० किलोच्या आतबाहेर. म्हणजे जवळजवळ पन्नास किलो हलकी आणि दुप्पट ताकदीची. मूठ जरा जास्त पिळली गेली तर पुढचं चाक तोंडासमोर येतं. घोडा बदलला की जॉकी आपोआप मोठा होतो, असं आपल्याकडे लोकांना वाटतं. तसं नसतं.

आता मागच्या महिन्याची गोष्ट. या पोराने नोव्हिसची फायनल जिंकली तेव्हा मी तिथेच होतो. पूर्ण रेस मोबाइलवर शूट केली होती. फ्लेक्स बघितल्यावर घरी येऊन तो व्हिडिओ लावला आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो. बायको म्हणाली, काय चाललंय. म्हटलं, पत्रकारिता.

पहिल्या तीन लॅप ५८-५९ सेकंदांच्या. छान. मग ६०, ६१, ६२. शेवटच्या दोन ६४ आणि ६६. म्हणजे हात भरून आले होते, श्वास संपला होता. जिंकला तो मागचे त्याच्याहून जास्त दमले म्हणून. त्याच ट्रॅकवर त्याच दुपारी एक्स्पर्टमध्ये शेवटून दुसरा आलेला रायडर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ५२ वर फिरत होता. सगळ्या लॅप एका सेकंदाच्या आत. आठ लॅपचा हिशेब मांडा, एक्स्पर्टच्या शेपटाचा रायडरसुद्धा आपल्या चॅम्पियनला एक लॅप देऊन पुढे जातो. गाडी बदलली की काही सेकंद कमी होतील हे मान्य. पण शेवटच्या लॅपमधला दम गाडी बदलून येत नाही. उलट जास्त ताकदीची गाडी लवकर दमवते.

हे गणित ना वडिलांनी मांडलं, ना आयोजकांनी, ना त्या डझनभर शुभेच्छुकांनी. सगळ्यांनी ट्रॉफी बघितली.

आपल्याच भागात बैलगाडा शर्यतीचं मैदान असलं की काय होतं बघा. नोंदणीच्या टेबलापाशी बैलाचा जबडा उघडून दात तपासतात. आदत आहे, दुसा आहे की चौसा. 'एक आदत एक बैल' असं मैदान असलं तर दाती बैल आदत म्हणून घुसवणाऱ्याला तिथल्या तिथे बाहेर काढतात, प्रसंगी दोन ठेवूनही देतात. आणि कालचं आदत खोंड कुणी शहाणा मालक नावाजलेल्या ओपनच्या जोड्यांसमोर उभं करत नाही. खोंड बुजेल, खचेल, पाय मोडून घेईल हे त्याला कळतं. तालमीत वस्ताद 'अजून नाही' म्हणाला की विषय संपला, पोराचा बाप आमदार असला तरी. बैलाला जेवढी अक्कल लावतो तेवढी स्वतःच्या पोराला लावायला आपल्याला काय होतं?

वर कधी जायचं, हा प्रश्न अवघड आहे, पण त्याला उत्तर नाही असं नाही. गेली पंधरा वर्षं मी या मैदानांवर बातमीसाठी फिरतोय. स्वतः कधी उडी मारलेली नाही, मला स्पीड ब्रेकरवर कंबर धरते. पण चांगल्या रायडरांशी बोलून, मेकॅनिक लोकांजवळ बसून जे कळलं ते सांगतो. किती जिंकलास हे कुणी खरा जाणकार विचारत नाही. तो विचारतो, पहिल्या आणि शेवटच्या लॅपमध्ये फरक किती? स्टार्ट वाया जाऊन सातवा पडलास तर गर्दीतून वाट काढता येते का, की पुढे मोकळा रस्ता असला तरच जिंकतोस? टेबलटॉपपलीकडे कुणी पडलंय म्हणून मार्शल पिवळा झेंडा हलवतोय, तो उडी मारायच्या आधी दिसतो का? निळा झेंडा दिसला, मागून जलद गाडी येतेय, तर आपली लाइन धरून राहायचं की घाबरून मध्येच वळायचं? आपल्या गावात निळा झेंडा म्हणजे काय हे विचारलं तर निम्मी पोरं पक्षाचं नाव सांगतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबल. टेबलटॉपला दोन उंचवट्यांच्या मध्ये माती भरलेली असते. उडी कमी पडली तरी खाली माती मिळते. डबलला मध्ये खड्डा असतो. नोव्हिस त्यावरून हळू जाऊ शकतो, खाली उतरून वर चढू शकतो, कुणी हसत नाही. एक्स्पर्टमध्ये बाकीचे सगळे तो खड्डा हवेतून पार करत असतात. तुम्ही मध्येच हळू झालात तर मागचा तुमच्या डोक्यावर उतरेल.

इथे मला माझं स्वतःचं एक प्रकरण सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी असंच एक पोरगं होतं. नोव्हिसच्या लागोपाठ तीन ट्रॉफ्या. मी तेव्हा ज्या दैनिकात होतो तिथे पाव पान बातमी केली, 'तालुक्याचा वाघ आता एक्स्पर्टच्या मैदानात'. पोराने तसं काही ठरवलेलं नव्हतं. मीच विचारलं होतं, "आता पुढे एक्स्पर्ट ना?" तो नुसता हसला. त्या हसण्याची मी हेडलाइन केली. वडिलांनी कात्रण लॅमिनेट करून दुकानात लावलं.

पुढच्या मैदानात तिसऱ्या लॅपला डबल कमी पडला. पुढचं चाक समोरच्या उंचवट्याच्या तोंडावर आदळलं. मांडीचं हाड तुटलं, रॉड टाकला, आठ महिने गेले. आता ते वडिलांबरोबर स्पेअर पार्टच्या दुकानात बसतं, चालताना डावा पाय किंचित ओढतं. मी ऑइल घ्यायला जातो तिथे. एकदा धीर करून विषय काढला. तो म्हणाला, "काका, मला माहीत होतं हो. डबल मला दहातनं सहा वेळाच जमत होता. पण पेपरात आलं होतं ना."

दहातनं सहा वेळा. हा आकडा फक्त त्या पोराला माहीत होता आणि त्याला तो कुणी विचारला नाही. मीही नाही.

म्हणून परवा फ्लेक्सवाल्या पोराच्या वडिलांना फोन केला. माणूस सज्जन आहे. म्हणाले, "साहेब, गाडी मिळतीय हो. आपण नवी घ्यायची म्हटलं तर आठ लाखाच्या आसपास जातंय, आपल्याला कुठलं झेपतंय? एक जण त्याची जुनी द्यायला तयार आहे. आत्ता नाही म्हटलं तर परत कोण देणार?" या प्रश्नावर मी गप्प झालो. गरिबाच्या पोराला संधी एकदाच येते, हे आपण सगळे जाणतो. पण गाडी देणारा ती एक्स्पर्टला पळवायच्या अटीवर देतोय, कारण एक्स्पर्टला पब्लिक जमतं आणि गाडीवर त्याचं नाव असणार आहे. पोर खरंच आवडत असेल तर हीच गाडी सहा महिने सरावाला द्या की. सरावाला स्टिकर दिसत नाहीत, ही अडचण आहे.

आयोजकांचंही दुखणं मला माहीत आहे. एक्स्पर्टला आपल्याकडे चारच एंट्र्या येतात. स्टार्टला चार गाड्या उभ्या राहिल्या की पब्लिक शिट्ट्या मारतं. मग नोव्हिसमधून दोन-तीन पोरं वर ओढायची आणि रांग भरायची. नगरपालिकेची निवडणूक जवळ असली की रांग जास्तच भरलेली लागते. असो.

उलट बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर म्हणाल हा पोरांना दाबून ठेवायला निघालाय. काही गडी चार-चार वर्षं नोव्हिसमध्येच ठाण मांडून बसलेत. वय अठ्ठावीस-तीस, लग्न झालेलं, लॅप टाइम एक्स्पर्टच्या मधल्या फळीतला, पण एंट्री नोव्हिसची. इथे जिंकलं की पुढच्या जिल्ह्यात दुसऱ्या क्लबच्या नावाने. रोख बक्षीस घ्यायचं आणि निघायचं. अमेरिकेत क्लब रेसिंगमध्ये असल्या माणसाला सँडबॅगर म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरतात. तिकडच्या काही क्लबांत नवख्याच्या गाडीला पिवळी नंबर प्लेट असते आणि एक्स्पर्टला पांढरी. मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं की पुढे नवखा आहे, जरा जपून. आणि ठरावीक गुण झाले की क्लबच तुम्हाला वर ढकलतो, तुमची इच्छा असो वा नसो. आपल्या माळावरच्या एंट्री फॉर्मवर काय विचारतात? नाव, गाव, रक्तगट, गाडी. मागच्या निकालाचा रकानाच नाही. म्हणून एकीकडे तिशीचा गडी नोव्हिसमध्ये आणि सोळाचं पोरगं एक्स्पर्टमध्ये, असा उलटा बाजार चालतो.

मागे मी या विषयावर लिहिलं तेव्हा कमेंटमध्ये सचिन आला होता. "सचिन सोळाव्या वर्षी पाकिस्तानात खेळला, तेव्हा तुमच्यासारखे असते तर?" बरोबर, १९८९ ला खेळला. पण त्याआधी पंधराव्या वर्षी रणजी पदार्पणात शतक ठोकून, त्या हंगामात मुंबईकडून सर्वाधिक धावा करून खेळला. निवड समितीने आकडे बघितले होते, फ्लेक्स नाही. आणि क्रिकेटमध्ये वर्ग चुकला तर माणूस शून्यावर आउट होतो.

इथे काय होतं ते ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईला दिसलं. राष्ट्रीय स्पर्धा, मान्यताप्राप्त ट्रॅक, डॉक्टर आणि अँब्युलन्स जागेवर. बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा, त्या हंगामात चार रेस जिंकलेला, रूकी गटात, म्हणजे नवख्यांच्याच वर्गात पडला आणि गेला. सगळी व्यवस्था असताना. त्याआधी २०२१ या एकाच वर्षात युरोपातल्या ट्रॅकवर १४, १५ आणि १९ वर्षांचे तीन रायडर गेले. त्यानंतर मोटोजीपीवाल्यांनी जागतिक स्पर्धांसाठी किमान वय वाढवून २०२३ पासून १८ केलं, अगदी मोजके अपवाद ठेवून. ज्यांचा धंदाच वेगाचा आहे ते लोक थांबा म्हणाले. आणि आपल्या माळावर बाजार समितीची एक टेंपो ट्रॅव्हलर अँब्युलन्स म्हणून उभी असते, जिच्यात मागच्या वेळी पाण्याचे बॉक्स ठेवले होते.

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक निकालाबरोबर प्रत्येक रायडरचे सगळे लॅप टाइम बोर्डावर लावा. ट्रान्सपॉन्डर परवडत नसेल तर चार पोरं स्टॉपवॉच घेऊन बसवा, शाळेच्या स्पर्धेत बसवतो तशी. ज्याचे टाइम एक्स्पर्टच्या मधल्या फळीत बसतात आणि शेवटपर्यंत टिकतात, त्याला नोव्हिसची एंट्री बंद. ज्याचे बसत नाहीत, त्याला एक्स्पर्टची बंद, मग गाडी कुणीही दिलेली असो. आणि हे ठरवणारा माणूस गाडी देणारा नको, बाप नको, आयोजकही नको. आपल्याकडे दोन जुने रायडर आहेत, आता गॅरेज चालवतात, त्यांना कुणी विचारतही नाही. त्यांना बसवा.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. लॅप टाइम दिल्याशिवाय 'एक्स्पर्ट'ची बातमी माझ्याकडून लागणार नाही. जाहिरात बंद करू अशी धमकी काल एकाकडून आलीच आहे, ती बंद झाली तरी.

कमेंटमध्ये शिव्या घालायच्या त्यांनी खुशाल घाला, फक्त पोराचं नाव लिहू नका, डिलीट करीन. रविवारी सकाळी सात वाजता ते पोरगं नव्या गाडीवर सराव करणार आहे. वडिलांची परवानगी घेतलीय, मी स्टॉपवॉच घेऊन जातोय. सलग दहा लॅप आणि दहा वेळा डबल, एवढंच बघायचंय. त्या दोन गॅरेजवाल्यांनाही बोलावलंय. फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांनीही यावं, चहा माझ्याकडून.