पावती नाय, मग व्याज जास्त!

मी गोदीत माल उतरवतो. रात्री कविता लिहितो. मॅट्रिक झालोय. आज कविता नाय, हिशेब मांडतो. तो नीट वाचा दोस्तांनो, कारण या हिशेबात तुमच्या जवानीची वीस वर्षं गहाण पडायची आहेत.

लग्नाला दोन वर्षं झाली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण. मधे जुन्या साडीचा पडदा. अल्याड आमचा संसार, पल्याड बापाचा खोकला. बायको बोलली, "किती दिस असं? वांगणीला बघू." बघितलं. वन रूम किचन, अठरा लाख. तिथून कुर्ल्याला गाडी बदलून गोदी गाठायची. चालेल. पण दार आपलं असेल.

मी महिन्याला २२ हजार मिळवतो. ती तीन घरची धुणीभांडी, लादी करून ११ हजार. दोघांचे ३३ हजार. पोटाला चिमटा काढून, तिचं मंगळसूत्र मोडून तीन लाख उभे केले. राहिले पंधरा लाख.

बँकेत गेलो. साहेब बोलला, "सॅलरी स्लिप?"

कसली स्लिप? कंत्राटदार अर्धे खात्यात टाकतो, अर्धे हातावर टिकवतो. म्हणजे बँकेच्या लेखी मी ११ हजारांचा माणूस. आणि बायको? शून्य. पहाटे पाचला उठणारी, गुडघे झिजवणारी बाई शून्य! ज्यांची लादी ती पुसते, ते त्याच लादीवर खुर्ची टाकून मोबाइलवर कर्ज मंजूर करून घेतात. त्यांच्या घामाला कागद आहे. आमच्या घामाला फक्त वास आहे.

मग एका फायनान्स कंपनीचा पोरगा आला. टाय लावलेला. गोड बोलणारा. "दादा, आम्ही कागद नाय बघत, माणूस बघतो." माणूस बघितला आणि भाव सांगितला : साडेतेरा टक्के.

आता हिशेब. पंधरा लाख, वीस वर्षं. स्लिपवाल्याला साडेआठ टक्के धरा. त्याचा हप्ता १३,०१७ रुपये. आमचा हप्ता १८,१११. महिन्याला ५,०९४ रुपये जास्त. २४० महिन्यांचे होतात १२ लाख २२ हजार! घर तेच. भिंत तीच. आमचा गुन्हा एवढाच की कंत्राटदाराने पावती दिली नाय. गुन्हा त्याचा, दंड आमच्या चुलीवर. पहिल्या महिन्याच्या १८,१११ मधले १६,८७५ नुसत्या व्याजात जातात. घराच्या वाट्याला येतात १,२३६.

वर म्हणतात, तुम्ही जोखमीचे गिऱ्हाईक. वा रे शहाणे! हमालाच्या पाठीवर दीडपट ओझं लादायचं आणि वर म्हणायचं, हा पडणारच होता. तेहतीस हजारांतून अठरा गेले तर उरतं काय? त्यात दोन महिने जहाज नाय लागलं तर? नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीत. मग २००२ च्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस. मग कोर्टात दावा न लावताच दारावर कब्जा. हजारो कोटी बुडवणाऱ्यांची कर्जं मात्र वह्यांतून निर्लेखित होतात. त्यांना कोणी जोखमीचं गिऱ्हाईक म्हणत नाय.

सरकार म्हणेल, योजना आहे. आहे ना! सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा फेरा. वर्षाला ९ लाखांच्या आत कमाई, ३५ लाखांच्या आत घर, तर व्याजावर जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची सूट, तीही पाच वर्षांच्या पाच तुकड्यांत. घ्या, सोडू नका. पण एका खिशात १ लाख ८० हजार आणि दुसऱ्या खिशातून १२ लाख २२ हजार, याला मदत म्हणायचं की पाकीटमारी?

आता आपल्याच माणसांशी भांडतो. महाराष्ट्रात २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. अठरा लाखांवर १८ हजार. पण नवऱ्याचं नाव बाजूला लागलं की सवलत खलास. मी हे धक्क्यावर सांगितलं तर पोरं फिदीफिदी हसली. "बायकोने हाकलला तर कुठे जाशील?" अरे, आजवर आपण हाकलल्या त्या कुठे गेल्या, हे कधी विचारलं? बाईच्या वारसाहक्काचं बिल रखडवलं म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. आणि आपण त्यांचा फोटो भिंतीला लावतो, भिंत मात्र आपल्या एकट्याच्या नावावर! हसण्याआधी मलाही दोन रात्री झोप लागली नव्हती, हे कबूल करतो. तिचं मंगळसूत्र मोडताना मात्र मला चांगली झोप लागली होती.

म्हणून सांगतो. पगाराची पावती ही भीक नाय, ती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. एकट्याने मागितली तर पाळी जाईल. सगळ्या टोळीने मागा. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पगार खात्यात घ्यावा. पासबुक हाच त्यांचा कागद. आणि टायवाल्याच्या गोडीवर सही करू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : एकूण खर्चासकट खरा व्याजदर सांगणारं पत्रक कर्जदाराला, त्याला समजेल त्या भाषेत द्यायचं. ते मराठीत मागा. वाचा. बायकोला वाचून दाखवा.

आम्ही साडेतेरा टक्क्यांवर सही केली नाय. वांगणीचं घर हातचं गेलं. पडदा अजून तिथेच आहे. पण आमच्या टोळीतल्या चौदा जणांनी पावतीच्या अर्जावर अंगठे-सह्या केल्यात. सोमवारी तो कंत्राटदाराच्या टेबलावर पडेल. आणि घर होईल तेव्हा दारावरची पाटी तिच्या नावाची असेल. ज्याला हसायचंय त्याने दारात येऊन हसावं.