गुणी माणसें कां सोडून जातात?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले होते. मुलगा इंजिनियर होऊन मोटारीच्या एका कारखान्यांत चार वर्षें नोकरीस होता. पगार चांगला, राहण्याची सोय चांगली, वरिष्ठांची मर्जीहि वाईट नव्हती. आणि तरीहि त्यानें ती नोकरी सोडली. "सर, तुम्हीच त्याची समजूत घाला. भरल्या ताटावरून हा उठला कां, हेंच मला कळत नाहीं," असें ते म्हणाले. त्या दिवशीं मला समर्पक उत्तर देतां आलें नाहीं. पुढें विचार करितां करितां मोटारींच्याच इतिहासांतील एक हकीकत आठवली, आणि तींत त्या प्रश्नाचें पुष्कळसें उत्तर सांपडेल असें वाटल्यावरून ती विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

आमच्या वर्गांतील मुलांच्या वह्यांवर तांबड्या रंगाच्या, जमिनीस चिकटून धांवणाऱ्या मोटारींचीं चित्रें असतात. या गाड्या कोणी केल्या असें विचारिलें तर मुलें एका सुरांत सांगतात, "फेरारीनें!" हें उत्तर अर्धेंच खरें आहे. एन्झो फेरारी हा इटलींतील मोदेना शहरीं १८९८ सालीं जन्मला. त्याच्या नांवाची पहिली मोटार १९४७ सालीं मारानेल्लो गांवच्या कारखान्यांतून बाहेर पडली, आणि १९८८ सालीं मरण येईपर्यंत तो त्या कारखान्याचा आत्मा होता. परंतु तो स्वतः शिकलेला इंजिनियर नव्हता. त्या पहिल्या गाडीचें बारा सिलिंडरांचें एंजिन जोआकीनो कोलोंबो या गृहस्थानें आंखिलें होतें. माणूस पारखणें व त्याजकडून काम करवून घेणें ही फेरारीची विद्या होती. गणित व आराखडे हें दुसऱ्यांचें काम होतें. म्हणूनच, माणसें गमावण्याचा दोष त्याच्या हातून घडला तेव्हां तो विशेष शिकण्यासारखा ठरला.

१९६१ सालीं फेरारीच्या गाड्यांनीं ग्रां प्री शर्यतींचें जगज्जेतेपद मिळविलें. एंजिन चालकाच्या पाठीमागें बसविलेली ती गाडी कार्लो कीती या मुख्य इंजिनियराच्या देखरेखीखालीं तयार झाली होती. सप्टेंबर महिन्यांत मोंझा येथें फिल हिल या अमेरिकन चालकानें अजिंक्यपद पटकाविलें. पण त्याच शर्यतींत त्याचा सहकारी फोन ट्रिप्स आणि त्याच्यासह अनेक प्रेक्षक अपघातांत मरण पावले. विजय आणि शोक एकाच दिवशीं पदरीं आलेल्या त्या कारखान्यांत बरेच दिवस धुमसत असलेला असंतोष थोड्याच आठवड्यांत बाहेर पडला. मालकाच्या पत्नीची कारभारांतील ढवळाढवळ वरिष्ठ मंडळींस असह्य झाली होती, असें त्याचें कारण सांगतात. त्यांनीं आपली तक्रार तोंडीं न सांगतां वकिलामार्फत लिहून कळविली. फेरारीस त्यांत अपमान वाटला, आणि तक्रारीचा विचार करण्याऐवजीं त्यानें तक्रारदारांसच निरोप दिला. कीती, शर्यतीच्या पथकाचा व्यवस्थापक तावोनी, विक्रीखात्याचा प्रमुख गार्दिनी आणि नव्या गाड्यांची सिद्धता व चाचणी पाहणारा जोत्तो बिझ्झारिनी हे धरून आठ जण एकदम बाहेर पडले. जगज्जेत्या कारखान्याचें डोकें एका दिवसांत रिकामें झालें.

आतां अशा वेळीं कारखान्यांतून नेमकें काय जातें, याचा विचार करूं. यंत्रें जात नाहींत, हत्यारें जात नाहींत, कपाटांतील आराखडेहि जात नाहींत. त्या वेळीं मारानेल्लो येथें २५० जी. टी. ओ. नांवाची शर्यतीची गाडी घडत होती. तीन लिटरांचें बारा सिलिंडरी एंजिन, शक्ति सुमारें ३०० अश्वशक्ति. एंजिनाच्या बुडाशीं तेलाचें जें खोल भांडें असतें तें काढून तेल निराळ्या टांकींत ठेवण्याची योजना तींत होती. त्यामुळें एंजिन खालीं बसवितां आलें, गाडीचें नाक ठेंगणें झालें आणि वारा कापीत जाण्यास सोपें गेलें. हें सारें बिझ्झारिनीच्या हातचें काम. तो गेला तेव्हां गाडी अर्धवट होती, आणि भर वेगांत तिची मागची बाजू स्थिर राहत नव्हती. आराखड्यांत रेषा होत्या. परंतु ती रेषा तेथेंच कां काढली, दुसरीकडे काढून पाहिली होती काय, ती कां सोडून दिली, हें ज्याला ठाऊक तो घरीं बसला होता. कागद "काय" तें सांगतो. "कां" तें माणसाच्या डोक्यांत राहतें. गुणी माणूस गेला म्हणजे हा "कां" त्याच्याबरोबर जातो, आणि मागें राहिलेल्यांस तो पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो.

फेरारीनें ही जबाबदारी मावरो फोर्गिएरी या तरुणावर टाकिली. त्याचें वय अवघें २६ वर्षांचें. बोलोन्या विद्यापीठांतून नुकताच पदवी घेऊन आलेला. वडीलहि फेरारीकडेच यंत्रकाम करणारे. मोठमोठे लोक गेल्यावर बाहेरून कोणी नांवाजलेला माणूस आणावा, असें कोणालाहि वाटलें असतें. फेरारीनें तसें केलें नाहीं. या पोरसवद्या इंजिनियराच्या हातीं त्यानें तांत्रिक कारभार दिला आणि त्याची पाठ राखिली. फोर्गिएरीनें जी. टी. ओ.च्या मागच्या कण्यास जेम्स वॉटच्या नांवानें ओळखली जाणारी जोडदांड्यांची रचना बसविली. वॉटनें ती १७८४ सालीं वाफेच्या यंत्रासाठीं योजिली होती. येथें तिनें मागचा कणा आडवा सरकूं न देतां वरखालीं हलूं दिला, आणि गाडी ताळ्यावर आली. १९६२ ते १९६४ या काळांत अशा ३६ गाड्या झाल्या, आणि त्यांच्या वर्गाचें अजिंक्यपद तिन्ही वर्षें फेरारीकडे राहिलें.

कोणी म्हणेल, "मग बिघडलें कोठें? आठ गेले, एक आला, काम चाललें. कारखान्यास शिस्त हवी. जो तो आपलेंच म्हणूं लागला तर मालकानें काय करावें?" या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. घर असो वा कारखाना, कोणीतरी शेवटचा शब्द बोलणारा लागतोच. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. १९६१ सालीं जगज्जेता असलेल्या फेरारीस १९६२ सालीं अजिंक्यपदाची एकहि ग्रां प्री शर्यत जिंकतां आली नाहीं. चालकाचें अजिंक्यपद पुन्हा हातीं आलें तें १९६४ सालीं, जॉन सर्टीझ याच्याकरवीं. आणि तें आलें तें शिस्तीच्या धाकानें आलें नाहीं, तर एका तरुणावर टाकलेल्या विश्वासानें आलें. फोर्गिएरी पुढें १९८७ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, तेथें राहिला. त्याच्या हातून १९७५, १९७७ व १९७९ या वर्षांचीं अजिंक्यपदें झालीं. मालकाचा स्वभाव कांहीं बदलला नव्हता. पण या माणसास आपल्या कामावर हात ठेवून "हें माझें" असें म्हणतां येत होतें. माणूस टिकण्याचें रहस्य मला यांत दिसतें.

आतां जे बाहेर पडले त्यांच्याकडे वळूं. कारण विद्यार्थ्यांनीं शिकण्याजोगा अर्धा धडा तेथें आहे. कीती व त्याचे सोबती यांनीं श्रीमंत पाठीराखे मिळवून ए. टी. एस. नांवाचा नवा कारखाना काढिला आणि फेरारीस त्याच्याच मैदानांत हरविण्याचा पण केला. फेरारीचा जगज्जेता फिल हिल हाहि त्यांस मिळाला. १९६३ सालीं त्यांच्या गाड्या शर्यतींत उतरल्या आणि जवळ जवळ प्रत्येक शर्यतींत नादुरुस्त होऊन थांबल्या. थोड्याच वर्षांत तो कारखाना बंद पडला. तींच बुद्धिमान माणसें, तेंच ज्ञान. मग असें कां व्हावें? तर रागाच्या बळावर दार आपटून बाहेर पडतां येतें, परंतु घर उभारतां येत नाहीं. कोणास तरी धडा शिकविण्यासाठीं घेतलेलें काम त्या कोणाच्या भोंवतींच फिरत राहतें. बिझ्झारिनीनें मात्र निराळी वाट धरली. ट्रॅक्टरांचा कारखानदार फेरुच्चो लाम्बोर्गिनी यानें १९६३ सालीं सान्त आगाता गांवीं मोटारींचा कारखाना काढिला, त्यासाठीं त्यानें साडेतीन लिटरांचें बारा सिलिंडरी एंजिन आंखून दिलें. त्या एंजिनाचा वंश, अनेक सुधारणा होत होत, २०१० सालापर्यंत त्या कारखान्याच्या गाड्यांतून चालला. फेरारीच्या दारांतून गेलेली विद्या अशा रीतीनें शेजाऱ्याच्या अंगणांत सुमारें अर्धें शतक फळली.

मग नव्या मालकापाशीं सारेंच आलबेल होतें काय? तेंहि नाहीं. लाम्बोर्गिनीनें जान पाओलो दाल्लारा या विशीतल्या इंजिनियरास मुख्य केलें, आणि त्यानें पाओलो स्तान्झानी व चाचणीचालक बॉब वॉलेस यांच्या साह्यानें मिउरा ही अपूर्व गाडी उभी केली. बारा सिलिंडरांचें एंजिन बैठकीच्या मागें आडवें बसविलेली ही गाडी १९६६ सालीं जिनेव्हा येथें लोकांनीं पाहिली तेव्हां त्यांस आपले डोळे खरे वाटेनात. दाल्लारास मान होता, मोकळीक होती. परंतु त्याचें मन शर्यतींत होतें, आणि मालकास शर्यतीचा खर्च नको होता. त्या दशकाच्या अखेरीस तो निघून गेला. १९७२ सालीं त्यानें आपल्या वारानो या लहानशा गांवीं स्वतःचा कारखाना काढिला, आणि आज अमेरिकेंतील इंडीकार शर्यतींत धांवणाऱ्या सर्व गाड्यांचे सांगाडे त्याच कारखान्याचे असतात. येथें कोणी वाईट नव्हतें, कोणाचा अपमान झाला नव्हता. दोघांचीं ध्येयें वेगळीं होतीं, इतकेंच. अशा माणसास अडवूं नये, आनंदानें निरोप द्यावा. फेरारी स्वतः तरी कोण होता? १९३९ सालीं आल्फा रोमेओशीं मतभेद होऊन तोहि बाहेर पडलेला होता, आणि १९५१ सालीं सिल्व्हरस्टोन येथें त्याच्या गाडीनें आल्फा रोमेओसच हरविलें. गेलेल्या माणसावर रागावण्याचा अधिकार त्याला इतरांहून थोडा कमीच होता!

यावरून माझें मत असें झालें आहे कीं, माणूस पगारानें येतो, पण राहतो तो ऐकून घेणाऱ्यापाशीं. पगार कमी असेल तर तो टिकणार नाहीं हें खरेंच. पोट कोणास सुटलें नाहीं. परंतु ज्याच्या बोलण्यास किंमत नाहीं त्यास पगाराची किंमतहि फार दिवस वाटत नाहीं. आणि दुसरें असें कीं, एका कारखान्यानें माणूस गमावला तरी प्रांतानें तो गमावूं नये. कीती, बिझ्झारिनी व दाल्लारा हे आपआपल्या जागा सोडून गेले, पण त्यांची विद्या बव्हंशीं इटलींतच राहिली. आज तर त्या एमिलिया रोमान्या प्रांतांतील विद्यापीठें आणि फेरारी, लाम्बोर्गिनी, दाल्लारा यांसारखे कारखाने यांनीं मिळून २०१७ सालीं मोटारविद्येचें एक संयुक्त शिक्षण सुरू केलें आहे. बाजारांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले लोक विद्यार्थ्यांच्या वर्गांत एकत्र येतात. पुणें व चाकणच्या आसमंतांत मोटारींचे कारखाने दाटीनें उभे असलेल्या आपल्या महाराष्ट्रानें हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवण्यासारखें आहे.

आतां एक गोष्ट स्वतःविषयीं सांगणें मला प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठीं इयत्ता नववींतील एका मुलानें रबरी पट्ट्यावर धांवणारी छोटी गाडी केली होती. चाकें मागें मोठीं व पुढें लहान ठेवावीं असें त्याचें म्हणणें होतें. मीं कामाच्या गर्दींत, "पुस्तकांत दाखविलें आहे तसें कर," असें म्हणून त्यास गप्प केलें. त्यानें तसें केलें. गाडी बरी चालली. पण तो मुलगा पुढील वर्षीं विज्ञानमंडळांत आला नाहीं. त्याची सूचना योग्य होती कीं अयोग्य, हें मला आजहि सांगतां येत नाहीं, कारण ती मीं करून पाहूंच दिली नाहीं. फेरारीस दोष देणें सोपें आहे. पण आपल्या वर्गांत, आपल्या घरांत, आपणहि तक्रारीऐवजीं तक्रारदारास घालवीत असतों.

त्या माजी विद्यार्थ्यास मीं पुढें भेटून विचारिलें. तो म्हणाला, "सर, त्रास कांहीं नव्हता. दोन वर्षें मी एकच दुरुस्ती सुचवीत होतों. ती चुकीची आहे असें कोणी म्हटलें असतें तरी चाललें असतें. कोणी वाचलीच नाहीं." आतां तो एका लहान कारखान्यांत आहे, पगार थोडा कमी आहे, आणि त्यानें सुचविलेलें करून पाहिलें जातें. वडिलांना मीं एवढेंच कळविलें कीं, त्याची समजूत घालण्यासारखें मजपाशीं कांहीं नाहीं. तो ताटावरून उठला तो भूक नव्हती म्हणून नव्हे, तर भूक निराळी होती म्हणून.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही उद्यां कोठें नोकरीस राहाल तर आपलें म्हणणें समोरासमोर, शांतपणें व लवकर सांगा. तें मनांत सांठवून वकिलाच्या कागदांतून बाहेर येण्याची वाट पाहूं नका. सोडून जाणें प्राप्तच झालें तर कोणावर सूड म्हणून जाऊं नका, कांहीं करावयाचें आहे म्हणून जा. आणि पालकहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या हाताखालीं माणसें आहेत, आणि घरीं मुलें तर सर्वांच्याच आहेत. आज संध्याकाळीं त्यांतील एखादा कांहीं सुचवूं लागला, तर "पुस्तकांत आहे तसें कर" म्हणण्यापूर्वीं एकदां त्याचें पुरतें ऐकून घ्या. हें मीं फार उशीरां शिकलों. तुम्ही वेळेवर शिकावें, एवढीच माझी विनंती आहे.