एमएसच्या रुग्णाचा कानही तपासा

मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण ‘गरगरतंय’ म्हणाला की आपल्यापैकी अनेकांचा हात थेट स्टिरॉइडकडे किंवा एमआरआयच्या चिठ्ठीकडे जातो. आजार मेंदूचा, तेव्हा चक्करही मेंदूतूनच येत असणार, असे आपण धरून चालतो. फ्रोहमन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एमएसच्या रुग्णांतील तीव्र चक्करीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत कारण निघाले ते कानातले खडे सरकल्याचे, म्हणजे बीपीपीव्हीचे. डिक्स-हॉलपाईक तपासणी 1952 पासून आपल्याला ठाऊक आहे, एप्लीची पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींना एक पलंग आणि थोडा वेळ पुरतो. त्या न करता स्टिरॉइड सुरू करणे हा रुग्णावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र झोपवल्यावर दिसलेला प्रत्येक निस्टॅग्मस खड्यांचा नसतो. डोळे सरळ खाली झटके देत असतील, झटके लगेच सुरू होत असतील, पुन्हा पुन्हा तपासूनही थकत नसतील आणि एप्लीनेही फरक पडत नसेल, तर चौथ्या वेंट्रिकलच्या परिसराचा विचार करायलाच हवा. मान वाकवताच पाठीतून वीज गेल्यासारखे होते का, हेही झोपवण्याआधी विचारून घ्यावे.

मावळात एमएसच्या रुग्णांच्या तोलाचा प्रश्न जूनपासून अधिक तीव्र होतो. तोल सांभाळायला डोळे, पायांची संवेदना आणि आतला कान असे तीन आधार लागतात. एमएसमध्ये ऑप्टिक न्यूरायटिसने पहिला आणि मज्जारज्जूतील चट्ट्यांनी दुसरा आधार बऱ्याचदा कमजोर झालेला असतो. पवन मावळात किंवा नाणे मावळात लावणीच्या दिवसांत माणूस दिवेलागणीनंतर बांधावरून घरी निघतो, तेव्हा पायाखाली चिखल असतो आणि समोर अंधार. फोमवर डोळे मिटून उभे करण्याच्या चाचणीत आपण नेमकी हीच अवस्था तपासतो. दवाखान्याच्या कोरड्या फरशीवर रॉम्बर्ग ठीक आला, एवढ्यावर अशा माणसाला निर्धास्त करून घरी पाठवता येत नाही. फरशी आणि फोम, डोळे उघडे आणि मिटलेले, अशा चार स्थितींत प्रत्येकी 30 सेकंद रुग्ण कसा उभा राहतो ते पाहावे. धरायला शेजारी एक माणूस हवाच.

यंत्रावरच्या चाचण्या वाचताना अधिक सावध राहावे लागते. व्हिडिओ हेड इम्पल्सची बरीच यंत्रे एकाच, बहुधा उजव्या, डोळ्याची हालचाल टिपतात. त्या डोळ्यात इंटरन्यूक्लिअर ऑफ्थॅल्मोप्लेजिया असेल, तर डोळा नाकाकडे वळताना मागे पडतो आणि अहवालात उजवा कान दुबळा दिसतो. कान धडधाकट असतो, बिघाड असतो ब्रेनस्टेममध्ये. उलट, आठवी नस ब्रेनस्टेममध्ये शिरते तिथे चट्टा असेल तर हेड इम्पल्स खरोखरच बिघडते आणि चित्र हुबेहूब व्हेस्टिब्युलर न्यूरायटिससारखे दिसते. व्हेम्पमध्ये लेटन्सी लांबली असेल तर ती गांभीर्याने घ्यावी. नुसता अ‍ॅम्प्लिट्यूड कमी असेल तर आधी मानेचा स्नायू पुरेसा ताणला गेला होता का ते पाहावे, कारण थकलेल्या रुग्णाला मान उचलून धरणेही जड जाते.

या थकव्याचा हिशेब आपण फार कमी वेळा ठेवतो. कामशेत किंवा मळवलीहून लोकलने उभ्याने पुण्याला आलेला, दुपारी रांगेत बसलेला रुग्ण सकाळच्या मानाने वाईटच चालणार. शरीर तापले की एमएसची लक्षणे तात्पुरती वाढतात; श्रमानंतर दृष्टी तात्पुरती मंदावते, हे उथॉफने 1890 मध्येच नोंदवले आहे. चाचणी शक्यतो सकाळी, गार खोलीत घ्यावी आणि वेळ अहवालावर लिहावी. तळेगाव दाभाड्याला वैद्यकीय आणि फिजिओथेरपी अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. तेव्हा पहिल्या पायरीची तपासणी तालुक्यातच व्हावी आणि यंत्रे खरोखर लागतील तेव्हाच रुग्णाने पुणे गाठावे.

लोणावळ्यातील योगोपचारकांनाही आमचे सांगणे आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’त नौलीच्या वेळी आतड्यात निर्माण होणाऱ्या ऋण दाबाची मोजमापे छापली. मोजून बोलण्याची ती परंपरा याच गावची आहे. एमएसच्या साधकाला वृक्षासन देण्यापूर्वी फोमची चाचणी करून घेतली, तर भिंतीचा आधार कोणाला आणि किती काळ द्यायचा हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये एमएसचा समावेश आहे. नीट लिहिलेली तोलाची नोंद रुग्णाला तिथेही उपयोगी पडू शकते.

यंदाच्या पावसाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या एमएसच्या प्रत्येक रुग्णाची डिक्स-हॉलपाईक आणि फोमची तपासणी करा, तपासणीची वेळ टिपा आणि नाव-पत्ता वगळून त्या नोंदी आमच्याकडे पाठवा. दिवाळीनंतरच्या अंकात त्या एकत्र छापू.