काउंटरवरचा नियम कागदावर द्या

‘आता नियम बदललाय.’ बँकेच्या काउंटरवर हे वाक्य ऐकून हात हलवत माघारी फिरलेला माणूस जवळपास प्रत्येक घरात सापडेल. कालपर्यंत चालणारा फॉर्म आज जुना ठरतो. एका शाखेत सहज होणारं काम दुसऱ्या शाखेत ‘होम ब्रँचला जा’ म्हणून अडतं. नियम कधी बदलला, कुठे लिहिलाय, असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘वरून आलंय.’ काळाबरोबर नियम बदलणार, हे ग्राहकालाही मान्य आहे. त्याला संताप येतो तो वेगळ्या कारणाने: बदल त्याला आधी कुणी कळवलेला नसतो आणि काउंटरवर उभा राहिल्यावरही तो लेखी द्यायला कुणी तयार नसतं.

केवायसीचंच, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीच्या पडताळणीचंच पाहा. जनधन योजना 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाली आणि देशभर कोट्यवधी खाती उघडली गेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जास्त जोखमीच्या खात्याची केवायसी दर 2 वर्षांनी, मध्यम जोखमीची 8 वर्षांनी आणि कमी जोखमीची 10 वर्षांनी ताजी करावी लागते. त्यामुळे 2014-15 मधल्या कमी जोखमीच्या खात्यांची मुदत 2024-25 मध्ये एकदम भरणार, हे बँकांना दहा वर्षं आधीपासून ठाऊक होतं. तरीही खेड्यापाड्यांतल्या अनेक खातेदारांना आपलं खातं अडकल्याचं कळलं ते पैसे काढायला रांगेत उभं राहिल्यावर. रोजगार बुडवून आलेल्या माणसाला मग झेरॉक्स, फोटो आणि पुन्हा एक हेलपाटा.

पत्ता किंवा नावात काहीही बदल नसेल, तर केवायसी ताजी करायला ग्राहकाचं साधं स्वयंघोषणापत्र पुरतं, असं रिझर्व्ह बँकेचाच नियम सांगतो. अनेक काउंटरांवर मात्र आधार, पॅन आणि फोटोंचा पूर्ण संच नव्याने मागितला जातो. एकदा दिलेली कागदपत्रं ग्राहकाकडे पुन्हा पुन्हा मागू नका, असं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांना मार्च 2025 मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. त्यानंतर जून 2025 मध्ये नियम आणखी स्पष्ट झाला. केवायसीची मुदत संपण्याआधी ग्राहकाला किमान तीन वेळा कळवायचं आणि त्यातलं किमान एकदा पत्राने, असं बंधन बँकांवर आलं. 1 जुलै ते 30 सप्टेंबर 2025 या काळात ग्रामपंचायत पातळीवर शिबिरंही घेण्यात आली. हीच शिबिरं वर्षभर आधी झाली असती, तर किती जणांचे खेटे वाचले असते!

महाराष्ट्रातल्या बायाबापड्यांनी याच गोंधळाचा दुसरा चेहरा 2024 च्या पावसाळ्यात पाहिला. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पैसे ऑगस्टमध्ये जमा होऊ लागले आणि शाखांबाहेर रांगा लागल्या. ‘माझे पैसे आले नाहीत’ असं बाई सांगत होती आणि ‘तुमचं आधार लिंक आहे’ असं क्लार्क सांगत होता. दोघांचंही खरं होतं. खात्याला आधार क्रमांक जोडणं ही एक नोंद असते; सरकारी अनुदानासाठी तो क्रमांक एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यादीत त्या बँकेच्या नावावर लावणं ही दुसरी. अनुदानासाठी एका आधार क्रमांकामागे एकच बँक असते आणि जिथे शेवटचा संमतीचा फॉर्म भरला गेला, तिथे पैसे जातात. कधीकाळी गॅस अनुदानासाठी उघडलेल्या आणि नंतर विसरलेल्या खात्यात योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये जाऊन पडणं त्यामुळे सहज शक्य होतं. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. दीडदोनशे माणसं रांगेत असताना क्लार्ककडे ती पाच मिनिटं नसतात. मराठीत लिहिलेला एक ठळक फलक दारात लावला असता, तर निम्मी रांग योग्य शाखेकडे वळली असती.

घाईने बदललेल्या नियमांचा सगळ्यात कडू अनुभव नोटाबंदीचा. 8 नोव्हेंबर 2016 च्या घोषणेनंतर जुन्या नोटा बदलून घेण्याची मर्यादा आधी 4,000 रुपये होती, ती 4,500 झाली, मग 2,000 वर आली आणि 25 नोव्हेंबरपासून काउंटरवर नोटा बदलून देणंच थांबलं. 19 डिसेंबरला नवा आदेश आला: 5,000 रुपयांहून अधिक जुन्या नोटांचा भरणा एकदाच करता येईल, आणि तोही इतक्या उशिरा का करता आहात, याचं उत्तर दोन बँक अधिकाऱ्यांसमोर दिल्यावर. पूर्ण केवायसी असलेल्या खात्यांसाठी तो आदेश 21 डिसेंबरला मागे घेतला गेला. मधल्या दोन दिवसांत ज्यांना सगळ्यांदेखत खुलासा द्यावा लागला, त्यांनी कोणता गुन्हा केला होता? आणि तो खुलासा घेणाऱ्या अधिकाऱ्याने तरी?

2023 मध्ये 2,000 रुपयांच्या नोटा चलनातून काढताना एका वेळी 20,000 रुपयांपर्यंतच्या नोटा बदलून घेण्याची मुभा होती आणि त्यासाठी चार महिन्यांहून अधिक मुदत दिली गेली. तेव्हा गर्दी आटोक्यात राहिली. तरीही स्टेट बँकेने फॉर्म किंवा ओळखपत्र लागणार नाही असं सांगितलं, तर इतर काही बँकांच्या शाखांनी ओळखपत्र मागितलं. रिझर्व्ह बँक एकच, नोटही एकच, आणि वागणूक मात्र शाखेशाखेला वेगळी!

अशी तफावत रोजच्या साध्या कामातही दिसते. चेक भरायला गेलं की बोट पेटीकडे जातं: ‘तिकडे टाका.’ पावती मागितली की ‘आता पावती देत नाही, सगळे पेटीतच टाकतात’ असं उत्तर मिळतं. वास्तविक, ग्राहकाने चेक काउंटरवर दिला तर पोच द्यायला शाखेने नकार देऊ नये, आणि ही सोय असल्याचं पेटीवरच लिहावं, अशा रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. स्लिपच्या डाव्या तुकड्यावर तारखेचा शिक्का उमटवायला काही सेकंद लागतात. चेक गहाळ झाला, तर ग्राहकाच्या हातात पुरावा म्हणून तेवढाच तुकडा असतो. इथे नियम बदललेलाच नाही, शाखेने आपली सवय बदलली आणि तिलाच नियम म्हटलं. ग्राहकाने ते ओळखावं कसं?

विलीनीकरणांनी या अनिश्चिततेत भर घातली. 1 एप्रिल 2019 रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. 1 एप्रिल 2020 रोजी सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, तर ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. टप्प्याटप्प्याने आयएफएससी कोड बदलले, जुनी चेकबुकं बाद झाली. 1 मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र आल्या. या निर्णयांना आर्थिक कारणं असतील. पण पेन्शन, विम्याचा हप्ता, वीजबिल आणि मुलाची फी या प्रत्येक ठिकाणी नवा कोड कळवण्याचं काम ग्राहकाच्याच अंगावर पडतं.

सगळं खापर काउंटरमागच्या माणसावर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. नवं परिपत्रक त्यालाही बऱ्याचदा त्याच सकाळी कळतं. सॉफ्टवेअरमध्ये एखादा रकाना सक्तीचा झाला की तो भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. ग्राहकाला ‘सिस्टीम घेत नाही’ हे टोलवाटोलवीचं उत्तर वाटतं, क्लार्कसाठी ती शब्दशः खरी अडचण असते. कमी माणसं, विमा विकण्याचं टार्गेट, मध्येच बंद पडणारा पासबुक प्रिंटर आणि समोर तापलेली रांग, या कोंडीत तोही सापडलेला आहे. त्याच्या हातात छापील नियम दिला, तर त्याचेही रोजचे निम्मे वाद मिटतील.

बँकांमधल्या ग्राहकसेवेचा विचारच झाला नाही, असंही नाही. 1970 च्या दशकात तलवार समिती झाली, 1990 च्या सुमारास गोईपोरिया, पुढे तारापोर, मग दामोदरन आणि 2022 मध्ये कानूनगो समिती. नोव्हेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नऊ हजारांहून अधिक परिपत्रकं एकत्र करून 244 निर्देशांत बसवली. वर एवढी आवराआवर होऊ शकते, तर तिचा उपयोग काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही व्हायला हवा.

त्यासाठी तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. कामाच्या पद्धतीतला कोणताही बदल अमलात येण्याआधी किमान पंधरा दिवस शाखेच्या दारात मराठीत फलकावर लावावा; त्यात तारीख, लागणारी कागदपत्रं आणि मूळ निर्देशाचा क्रमांक असावा. शाखेची स्वतःची सोय आणि रिझर्व्ह बँकेचा नियम यांतला फरक त्या फलकावर स्पष्ट दिसावा. आणि काम न करता ग्राहकाला परत पाठवायचं असेल, तर कारण लिहून, शिक्का मारून चिठ्ठी द्यावी.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बँकेने 30 दिवसांत तक्रारीची दखल घेतली नाही किंवा समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेत रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडमधल्या तक्रार केंद्राकडे टपालाने कोणत्याही भाषेत तक्रार पाठवण्याची सोय झाली, म्हणजे मराठीत लिहिलेलं पत्रही चालतं. पण त्या पत्राला जोडायला आज ग्राहकाकडे काय असतं? ‘मॅडमनी नाही सांगितलं’ एवढंच. शिक्का मारलेली चिठ्ठी असेल तर शाखेला नकार देण्याआधी नियम उघडून पाहावा लागेल, आणि तक्रारदाराला आपलं म्हणणं सिद्ध करता येईल. रिझर्व्ह बँकेने या चिठ्ठीचा नमुना ठरवून तो प्रत्येक शाखेत ठेवायला लावावा.