बंद पडलेला खेळ कोणाचा?

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. प्रकाशकाने एखादे पुस्तक छापणे थांबवले, म्हणून अशा वाचनालयातील प्रत कोणी हिरावून नेत नाही. उलट, भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या उपयोगासाठी काढता याव्यात, अशी मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेच दिली आहे.

ऑनलाइन खेळाचे तसे नाही. डोंबिवलीतील मुलाच्या संगणकावर त्या खेळाचा केवळ एक भाग असतो. गुणांची नोंद, खेळाडूंची परस्परांशी गाठ, हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या एका संगणकावर चालते. कंपनीने तो थांबवला की मुलाने पैसे देऊन घेतलेला खेळही निर्जीव होतो. अशा वेळी काही चाहते स्वतःचाच सर्व्हर उभारतात.

हे कायदेशीर आहे काय? आपल्या कायद्याने संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृतीच मानली आहे. तेव्हा कंपनीचा प्रोग्राम परवानगीवाचून उतरवून घेणे हा हक्कभंग होय. हक्कभंगाच्या हेतूने त्याचे संरक्षक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद २०१२ साली आली. खेळ बाजारात चालू असताना असा सर्व्हर काढून पैसे मिळवणे ही तर उघड लबाडीच, आणि तिची कीव करण्याचे कारण नाही.

परंतु मालकानेच टाकून दिलेल्या खेळाचे काय? ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ एनसीसॉफ्ट कंपनीने २०१२ साली बंद केला. पुढे चाहत्यांनी तो आपल्या सर्व्हरवर चालवला, आणि २०२४ साली कंपनीने त्यांच्यातील ‘होमकमिंग’ या गटाला रीतसर परवाना दिला. कंपनीने मनाचा मोठेपणा दाखवला खरा. पण सर्वच मालक इतके उदार कोठून असणार?

म्हणून ग्रंथालयांना पुस्तकाबाबत जी मुभा आहे, तशीच मुभा बंद पडलेल्या खेळाबाबतही कायद्याने द्यावी. ती कोणाही अनोळखी माणसाला मात्र नको, कारण मुलांची नावे व पासवर्ड त्याच्या हाती जातात. हे काम सार्वजनिक संस्थेने करावे, त्यासाठी शुल्क घेऊ नये, आणि मालकाने खेळ पुन्हा सुरू केल्यास आपला सर्व्हर थांबवावा.