आकड्यांचा सोस, श्वासाचा विसर

रथसप्तमी जवळ आली की शाळांच्या मैदानांवर आणि वसाहतींच्या प्रांगणांत सामूहिक सूर्यनमस्कार सुरू होतात. हे स्वागतार्हच आहे. परंतु कार्यक्रम संपताच प्रश्न विचारला जातो तो ‘किती घातले?’ हा. ‘कसे घातले?’ हे कोणी विचारीत नाही. वर्षभर खुर्चीला खिळलेला गृहस्थ त्या दिवशी एकदम १०८ नमस्कारांचा संकल्प करतो, दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी सूर्यनमस्कारांनाच कायमचा नमस्कार करतो! दोष त्याचा नाही. नवशिक्याच्या हाती प्रथम आकडा देणाऱ्यांचा आहे.

संख्येचे समर्थक औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा दाखला देतात. औंधकरांनी हा व्यायाम आपल्या संस्थानातील शाळांत नेला, त्यावर ग्रंथ लिहिले. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ते स्वतः मोठ्या संख्येने नमस्कार घालीत, हेही खरे. पण त्या संख्येमागे अनेक वर्षांचा नित्यनेम होता. त्यांचा आकडा घ्यायचा आणि नेम मात्र सोडून द्यायचा, हे कसले अनुकरण?

सूर्यनमस्कार म्हणजे केवळ उठाबशा नव्हेत. श्वासाच्या सूत्रात ओवलेली ती आसनमाला आहे. हात वर नेताना पूरक, पुढे वाकताना रेचक, साष्टांगात क्षणभर कुंभक, भुजंगासनात छाती उचलताना पुन्हा पूरक. वेग वाढला की प्रथम हे सूत्र तुटते. मग उत्तानासनात तळवे टेकविण्याच्या हट्टापायी पाठीवर ताण येतो, भुजंगासनात छातीऐवजी सारा भार कंबरेवर पडतो. नवशिक्याने गुडघे किंचित वाकवून तळवे टेकविले, तर काहीही बिघडत नाही. आधी एकेक स्थिती सुटी शिकावी, मग त्या श्वासाने जोडाव्यात. आरंभी दोन-तीन नमस्कार पुरेत. एकदा उजवा पाय मागे, एकदा डावा. दम लागला की थांबावे. पतंजलींनी आसनाच्या लक्षणात स्थैर्य आणि सुख यांना स्थान दिले आहे, संख्येला नव्हे.

बिक्रम चौधरी यांच्या २६ आसनांच्या क्रमावर स्वामित्वहक्क सांगितला गेला, तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट उसळली. २०१५ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला. आसनांचा क्रम कोणाची खासगी मालमत्ता होऊ शकत नाही, हे तेथे ठरले. पण जो वारसा परक्यांनी बळकावू नये म्हणून आपण जागरूक असतो, तो आपल्याच आळसाने आणि उत्सवी उत्साहाने गमावला, तर कोणत्या न्यायालयात दाद मागणार?

वर्षातून एकदा घातलेले १०८ नमस्कार छायाचित्रात शोभून दिसतात. रोज पहाटे नीट घातलेले तीन नमस्कार शरीर घडवितात. येत्या रथसप्तमीला मैदानावर आकडे मोजणाऱ्यांऐवजी श्वास शिकविणारे उभे करा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर किती जण परत आले, तेवढे मात्र अवश्य मोजा!