मालिका संपली, म्हणून मोठी?

महाकाय अद्भुतरम्य मालिकांच्या चाहत्यांचा वाद कुठूनही सुरू होवो, थोड्याच वेळात तो एका ठरलेल्या मुद्द्यावर येतो. रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’ चौदा खंडांनी २०१३ मध्ये पुरी झाली. स्टीव्हन एरिक्सनची ‘मलाझन बुक ऑफ द फॉलन’ दहा खंडांनी २०११ मध्ये पुरी झाली. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड त्याच २०११ मध्ये आला आणि सहाव्याची वाट वाचक तेव्हापासून पाहत आहेत. यावरून निवाडा असा दिला जातो, की पहिल्या दोन मालिका स्पर्धेत राहतात आणि तिसरी बाद होते. हा पूर्वपक्ष दिसतो तितका पोरकट नाही. लांब कथा म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. पहिल्या खंडात एखाद्या मुलाच्या जन्माचे गूढ पेरायचे, उत्तरेकडून येणाऱ्या संकटाची चाहूल द्यायची आणि मग पंधरा-वीस वर्षे उत्तरच द्यायचे नाही, हे पेरणाऱ्याला शोभत नाही, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. तरीही तुलनेचे माप म्हणून हा मुद्दा कुचकामी आहे. शेवट तर दोनशे पानांच्या कादंबरीलाही असतो आणि चार पानांच्या कथेलाही. सुमारे ४४ लाख शब्दांच्या मालिकेत असे काय असते जे त्या कथेत असूच शकत नाही, हा खरा प्रश्न आहे. शेवटाचे माप त्याला स्पर्शही करत नाही.

मुळात ‘पुरी झालेली मालिका’ ही चाहते समजतात तेवढी पक्की गोष्ट नाही. उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ची तीन पुस्तके १९६८ ते १९७२ या काळात आली आणि ती त्रयी म्हणून पूर्ण मानली गेली. १९९० मध्ये चौथे पुस्तक ‘तेहानू’ आले. हे अर्थसीचे शेवटचे पुस्तक असल्याचे त्याच्या उपशीर्षकातच सांगितले होते. पुढे २००१ मध्ये आणखी दोन आली. ‘तेहानू’ने नुसती भर घातली नाही. जादूगारांची विद्या पुरुषांपुरतीच का, अर्थसीच्या बेटांवरच्या बायकांचे काय, असे प्रश्न विचारून पहिल्या तिन्ही पुस्तकांचा अर्थच हलवला. मग १९७२ चा वाचक पूर्ण मालिका वाचत होता की अपूर्ण? पुस्तके तीच होती आणि त्यांचा दर्जाही तोच. टॉल्किनचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्या ‘सिल्मरिलियन’वर त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून काम केले, ते १९७३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा अपुरेच होते. मुलगा क्रिस्टोफर यांनी हस्तलिखितांतून निवड करून ते १९७७ मध्ये छापले. म्हणून टॉल्किनला कोणी स्पर्धेतून बाद केलेले नाही.

खुद्द जॉर्डनचे काय झाले? सप्टेंबर २००७ मध्ये ते गेले तेव्हा शेवटचा खंड लिहायचा राहिला होता. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. एका खंडाचा ऐवज वाढत जाऊन २००९, २०१० आणि २०१३ असे तीन खंड झाले. आता गंमत पाहा. जॉर्डनची मालिका पुरी झाली म्हणून मार्टिनला हिणवणारे चाहतेच पुढच्या श्वासात म्हणतात, की बाराव्या खंडातला मॅट (नायकाच्या मित्रांपैकी एक) हा जॉर्डनचा मॅट वाटत नाही, त्याच्या विनोदाची जात बदलली आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण मग पूर्णत्व हेच प्रमाण मानायचे, तर ते कोणाच्या नावावर मांडायचे? आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या मुलाने पुरी केली. पूर्वभाग आणि उत्तरभाग यांतला फरक रसिक शतकानुशतके ओळखत आले, तरी मुलाने शेवट जुळवून दिला म्हणून बाण मोठा ठरला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

चाहत्यांचा स्वतःचाही या मापावर विश्वास नाही, याचा पुरावा तर डोळ्यांसमोर आहे. मार्टिनच्या कथेवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही दूरचित्रवाणी मालिका आठ हंगाम चालून २०१९ मध्ये रीतसर संपली. सिंहासनाचा निकाल लागला, बहुतेक धाग्यांना गाठी बसल्या. त्या पूर्णत्वाचे श्रेय तिला कोणी दिले नाही, उलट शेवटावरच सगळ्यात जास्त टीका झाली. म्हणजे चाहत्यांना नुसता शेवट नको आहे, आधीच्या प्रवासाला साजेसा शेवट हवा आहे. एवढे मान्य केले की माप शेवटात उरत नाही, प्रवासात जाते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ते शीत तळाचेच असले पाहिजे असा काही नियम नाही.

दुसरे लोकप्रिय माप वर्ल्डबिल्डिंगचे. कोणाच्या जगात किती खंड, किती भाषा, किती देव, जादूचे नियम किती काटेकोर, याच्या याद्या केल्या जातात. त्यावर फार शब्द खर्चायला नकोत. जादूने अडचण सोडवायची असेल तर तिचे नियम वाचकाला आधी कळले पाहिजेत, हा सँडरसन यांचा नियम लेखनाच्या कारागिरीतला आहे आणि चांगला आहे. त्यावरून गुणानुक्रम लावणे म्हणजे सुताराच्या हत्यारांवरून घराची प्रत ठरवणे. जॉर्डनच्या मालिकेत नाव असलेली पात्रे दोन हजारांच्या वर आहेत. हा आकडा कोशकाराच्या उपयोगाचा आहे.

मग माप कोणते? या मालिकांकडे असलेली आणि छोट्या कादंबरीकडे नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाचकाची दीर्घ स्मृती. हजारो पाने वाचलेल्या माणसाला पात्रांइतकेच, कधी पात्रांहून अधिक आठवत असते. त्या आठवणीला लेखक कामाला लावतो की नाही, यावर लांबी सार्थ ठरते किंवा वाया जाते. एरिक्सनचे उदाहरण याला सर्वांत चपखल आहे. ‘डेडहाउस गेट्स’ या दुसऱ्या खंडात (२०००) बंडाने पेटलेल्या प्रदेशातून कोल्टेन नावाचा सेनापती हजारो निर्वासितांना घेऊन एरन शहराकडे निघतो. तो विकन जमातीचा, म्हणजे साम्राज्याच्या दृष्टीने अर्धा परकाच. ज्या उमरावांना तो वाचवतो आहे तेच त्याच्याविरुद्ध कुरकुरत असतात. निर्वासित शहरात पोहोचतात. कोल्टेन आणि त्याचे उरलेले सैनिक मात्र तटावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत कापले जातात, कारण मॅलिक रेल या सल्लागाराच्या शब्दावर विसंबलेला एरनचा अधिकारी फौज बाहेर काढत नाही. हे दृश्य चाहते नेहमी उगाळतात. पण मालिकेची खरी करामत त्याच्या चार खंड पुढे आहे. ‘द बोनहंटर्स’ या सहाव्या खंडात (२००६) तोच मॅलिक रेल सम्राज्ञीच्या शेजारी बसलेला दिसतो. कोल्टेनची फौज कापणारा कोर्बोलो डोमही मानाच्या जागी आहे. आणि साम्राज्यात अधिकृत इतिहास असा सांगितला जातो आहे, की गद्दार विकनच होते. जमाव त्या जमातीवर चालून जायला निघाले आहेत. हा इतिहास खोटा आहे हे वाचकाला कोणी सांगावे लागत नाही. तो तिथे होता. त्याला येणारा संताप साक्षीदाराचा असतो, आणि साक्षीदार घडवायला मध्ये हजारो पाने जावी लागतात. दोनशे पानांत हाच कथाभाग सांगता येईल, पण तिथे ती एक कलाटणी ठरेल. इथे तो सत्ता स्मृतीचे काय करते याचा अनुभव आहे. एरिक्सन शिक्षणाने पुरातत्त्वज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आहेत, हे अशा जागी जाणवते.

रॉबिन हॉब यांचे नाव या वादांत अंमळ उशिराच निघते. लढायांचे नकाशे काढणाऱ्या चाहत्यांना त्यांच्या कथेत मोजण्यासारखे कमी सापडते, हे त्याचे एक कारण असावे. बाईने लिहिले आहे, हे दुसरे कारण नसेलच असे सांगवत नाही. १९९५ ते २०१७ या काळात आलेल्या त्यांच्या एकाच जगातल्या सोळा पुस्तकांपैकी नऊ फिट्झ या राजपुत्राच्या अनौरस मुलाची आहेत, बहुतांशी त्याच्याच तोंडून सांगितलेली. तो सहा वर्षांचा असताना कथा सुरू होते आणि उतारवयापर्यंत जाते. पहिल्या त्रयीत त्याला भेटलेला लांडगा दुसऱ्या त्रयीच्या आरंभी म्हातारा झालेला असतो. त्याची मंद चाल, दुखरे सांधे हे सगळे हॉब साध्या वाक्यांत लिहितात. भार त्या वाक्यांवर नसतोच, आधीच्या खंडांत धावलेल्या लांडग्याच्या आठवणीवर असतो. म्हातारपण ही कळवण्याची बाब नसून साठत जाण्याची बाब आहे, आणि साठायला जागा लागते.

जॉर्डनच्या मालिकेतही हे आहे, आणि गंमत अशी की ते दोन लेखकांच्या हातांतून पार पडले. दुसऱ्या खंडात (१९९०) एग्वेन या मुलीला शॉनचान आक्रमक गळ्यात पट्टा घालून गुलाम करतात. ती पाने वाचवत नाहीत. बाराव्या खंडात तेच शॉनचान जादूगार स्त्रियांच्या पांढऱ्या मनोऱ्यावर तुटून पडतात तेव्हा मनोऱ्याच्या बचावाला एग्वेन उभी राहते. एकोणीस वर्षांचे अंतर, लेखणी बदललेली, तरी त्या प्रसंगाला धार आहे ती पट्ट्याच्या आठवणीमुळे.

इथे आक्षेप येईल, की या मापाने कोणतेही पाल्हाळ समर्थनीय ठरेल. जो चौदा खंड वाचून बसला त्याला स्वतःचे श्रम वाया गेले असे म्हणवत नाही, म्हणून तो सगळ्यालाच सखोल म्हणणार. धोका खरा आहे. पण हे माप भक्तीवर चालत नाही, पानावर दाखवता येते. आधीचा कोणता प्रसंग आठवावा लागतो आणि आठवल्याने समोरच्या प्रसंगात काय बदलते, एवढे सांगता आले पाहिजे. या कसोटीवर जॉर्डनचा दहावा खंड ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३) साफ पडतो. नवव्या खंडाच्या अखेरीस जगाची घडी बदलणारी घटना घडलेली असते. दहाव्याचा मोठा भाग इतर पात्रे त्या वेळी कुठे काय करत होती हे सांगण्यात जातो. वाचकाच्या आठवणीला तिथे काम नाही, नुसती पुनःपुन्हा हजेरी आहे. चाहते या टप्प्याला ‘स्लॉग’ म्हणतात आणि संथपणाला दोष देतात. संथपणा हा दोष असता तर मार्टिनचा ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ही (२००५) त्याच टोपलीत टाकावा लागला असता, आणि बरेचजण टाकतातही. पण तिथे ब्रिएन ही योद्धी सान्सा या बेपत्ता सरदारकन्येला शोधत उजाड झालेल्या नदीप्रदेशातून फिरते. सान्सा त्या वाटेवर नाही हे वाचकाला ठाऊक असते, त्यामुळे शोध फुकट आहे हेही ठाऊक असते. नजर सान्सावरून उठून जळालेल्या गावांवर जाते. वाटेत मेरिबाल्ड हा फिरस्ता धर्मगुरू युद्धात ओढले गेलेले साधे शेतकरी पुढे लुटारू कसे होतात ते सांगतो. त्या सांगण्याचे मोल तीन खंड सरदारांच्या खलबतांत रमलेल्या वाचकालाच कळते. त्या सरदारांची बाजू घेऊन तोही हिरिरीने वाचत आलेला असतो, आणि हिशेब आता त्याच्यासमोर मांडला जातो. संथ दोन्ही खंड आहेत, पण एकात लांबी राबते आणि दुसऱ्यात पडून राहते.

आता राहिला दिलेल्या शब्दाचा प्रश्न. मार्टिन यांच्यावर रागावलेल्या एका वाचकाला लेखक नील गेमन यांनी २००९ मध्ये सुनावले होते, की लेखक तुमचा नोकर नाही. उत्तर झणझणीत होते, पण प्रश्नाला बगल देणारे. वाचक रागावू शकतो. पाच जाडजूड पुस्तके विकत घेऊन वाट पाहणाऱ्याची तक्रार खोटी नाही. मात्र ती व्यवहारातली तक्रार आहे. छापून हाती आलेल्या पाच खंडांतले एकही वाक्य सहावा खंड न आल्याने वाईट होत नाही. सहावा उद्या आला तर त्यांतले एकही आपोआप सुधारणारही नाही.

मार्टिन यांच्याशी भांडायचेच असेल तर भांडण पाचव्या खंडाशी करावे. ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये डेनेरिस ही राणी स्वतः जिंकलेल्या मीरीन शहरात अडकून पडते. जिंकणे सोपे आणि राज्य चालवणे अवघड, हे दाखवायला तिथे लांबी हवीच होती. मधली पाच वर्षे एका उडीत ओलांडायचा बेत मार्टिन यांनी सोडून दिला, तो योग्यच केला. पण त्याच खंडात त्यांनी दोन लढाया शेकडो पाने रचत नेल्या, एक मीरीनच्या वेढ्याची आणि दुसरी विंटरफेलच्या वाटेवर बर्फात रुतलेल्या स्टॅनिस या सिंहासनाच्या दावेदाराची. दोन्हींच्या तोंडाशी आणून वाचकाला सोडले आणि लढाया पुढच्या खंडावर ढकलल्या. हा दोष २०११ मध्येच पुस्तकात होता, तेव्हा वाट पाहण्याचे एक वर्षही झाले नव्हते.